लाल आधी की जांभळा?

१९८७ सालचा पावसाळा. लातूरच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी प्रकाशाचं अपस्करण शिकवत होतो. फळ्यावर लोलक काढला, डावीकडून पांढरा किरण आणला, उजवीकडे सात रंगांचा पंखा उलगडला. तांबडा सर्वांत कमी वळतो, जांभळा सर्वांत जास्त. अपवर्तनांक, तरंगलांबी, कॉशीचं सूत्र, परीक्षेला येणारं उदाहरण, सगळं ठरलेलं. तास संपायला पाचेक मिनिटं असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तांबड्याला काच कमी अडवते म्हणताव, मग तो बाहेर आधी पडतो का?"

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, "प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. तुझ्या लोलकात आधी काय अन् नंतर काय! आपल्याला कोन मोजायचा आहे." मुलगा खाली बसला. वर्षभर पुन्हा त्यानं काही विचारलं नाही.

हा प्रसंग मी विसरलो होतो. तो आठवायला निमित्त झालं माझ्याच डोळ्याचं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा धूसर दिसायला लागलं. लातूरच्या डॉक्टर म्हणाल्या, "काका, भिंगामागच्या पडद्यावर साय आलीय. यॅग करून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे." हनुवटी यंत्रावर टेकवली, तांबडा ठिपका दिसला, टिक्‌ टिक्‌ असे दहा-पंधरा आवाज झाले. संध्याकाळी समोरच्या दुकानाची पाटी स्वच्छ वाचता आली. घरी येऊन या उपचाराचा इतिहास चाळला तेव्हा कळलं, की १९८०च्या सुमारास पॅरिसच्या डॅनिएल आरॉन-रोझा यांनी तो प्रथम केला तेव्हा मोड-लॉक केलेला लेसर वापरला होता. म्हणजे पिकोसेकंदाचे स्पंद. पिकोसेकंद हा सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा असतो. स्वित्झर्लंडचे फांकहाउझर यांनी त्याच सुमारास नॅनोसेकंदाच्या, म्हणजे हजारपट लांब स्पंदांच्या लेसरनं तेच काम साधलं. ते यंत्र सोपं, म्हणून दवाखान्यांत तेच रूढ झालं. माझ्या डोळ्यावर चाललं तेही बहुधा त्याच जातीचं. पण 'मोड-लॉक' हा शब्द डोक्यात राहिला, आणि त्याचा माग काढता काढता मी त्या मागच्या बाकापर्यंत येऊन पोचलो. मुलानं विचारलेला प्रश्न हा लेसरच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न होता. मी तो हसण्यावारी नेला, त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्याच प्रश्नाच्या उत्तरावर स्वार होऊन जगातला तोवरचा सर्वांत आखूड प्रकाशस्पंद तयार झाला होता.

आधी मुलाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. हो, तांबडा आधी बाहेर पडतो. हे शंभर वर्षांपूर्वीच मोजलं गेलं होतं. प्रकाशाच्या वेगासाठी आयुष्य वाहिलेल्या अल्बर्ट मायकेलसननं १८८०च्या दशकात कार्बन डायसल्फाइड या द्रवातून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग मोजला. या द्रवाचा अपवर्तनांक सुमारे १.६४, म्हणजे हवेतल्या वेगाच्या मानानं प्रकाश तेवढ्या पटीनं मंद व्हायला हवा. प्रत्यक्षात तो १.७६ पटीनं मंद निघाला. चूक मायकेलसनची नव्हती. लॉर्ड रॅली यांनी दाखवून दिलं होतं, की एका लाटेचा वेग निराळा आणि लाटांच्या घोळक्याचा वेग निराळा. अपवर्तनांक सांगतो तो लाटेचा; घड्याळ मोजतं तो घोळक्याचा. आणि त्याच प्रयोगांत मायकेलसनला दिसलं, की नारिंगी-तांबडा प्रकाश हिरव्या-निळ्यापेक्षा एक-दोन टक्क्यांनी पुढे धावतो. अपस्करण हे कोनाचं प्रकरण आहे तसंच ते वेळेचंही आहे, ही गोष्ट १८८५ सालापासून छापील होती. आमच्या पाठ्यपुस्तकात मात्र पंखाच होता, घड्याळ नव्हतं.

घड्याळाची गरज कुणालाही पडली नाही, कारण तेवढा आखूड स्पंदच कुणाकडे नव्हता. सूर्यप्रकाश अखंड वाहतो. त्यात पुढे कोण आणि मागे कोण, कसं सांगणार? ही गरज उभी केली लेसरनं.

मोड-लॉकिंग म्हणजे काय हे सांगताना मी हल्ली टाळकऱ्यांचं उदाहरण देतो. लेसर म्हणजे समोरासमोरचे दोन आरसे आणि मध्ये प्रकाश वाढवणारा पदार्थ. या दोन आरशांत बसतील अशाच वारंवारिता तिथे टिकतात. त्या एकमेकींपासून सारख्या अंतरावर असतात आणि त्यांची संख्या शेकडो, हजारो, कधी लाखोही असते. नेहमीच्या लेसरात या साऱ्या आपापल्या लयीत वाजत राहतात. भजनाला बसण्याआधी मंडपात पन्नास जण आपापला टाळ वाजवून पाहत असतात तेव्हा जो एकसुरी गलका असतो, तसा प्रकाश बाहेर पडतो. पण सगळ्यांना एका समेवर आणलं, तर मधल्या काळात टाळ एकमेकांना पुसून टाकतात आणि समेवर एकच खण्णकन आवाज उठतो. तो आवाज म्हणजे स्पंद. टाळकरी जितके जास्त, म्हणजे लेसरचा रंगपट्टा जितका रुंद, तितका स्पंद आखूड. १० फेमटोसेकंदांचा स्पंद हवा असेल, तर ८०० नॅनोमीटरच्या आसपास ९४ नॅनोमीटर रुंदीचा पट्टा लागतो. फेमटोसेकंद हा पिकोसेकंदाचाही हजारावा भाग. १० फेमटोसेकंदांत प्रकाश फक्त तीन मायक्रोमीटर पुढे सरकतो.

ही सम पहिल्यांदा गाठली १९६४ मध्ये हारग्रोव्ह, फोर्क आणि पोलॅक या तिघांनी बेल लॅब्जमध्ये. त्यांचा लेसर हेलिअम-निऑनचा. त्याचा पट्टा जेमतेम दीड गिगाहर्ट्झ, त्यामुळे स्पंद नॅनोसेकंदाच्या घरातच राहिला. त्याच वर्षी त्याच संस्थेत बारामतीला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेतलेले कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर तयार केला. पोलाद कापणारा हा राक्षस. पण पट्टा त्याचाही अरुंदच. ताकद अफाट असूनही सर्वांत आखूड स्पंदांच्या शर्यतीत तो उतरू शकत नव्हता. वायूंच्या लेसरात टाळकरीच मोजके.

काचेत निओडिमियम घातलेल्या लेसराचा पट्टा मात्र चांगला रुंद होता. १९६६ मध्ये डिमारिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो मोड-लॉक केला आणि पिकोसेकंदाचं युग सुरू झालं. इथे एक गमतीचा वाद झाला, तो मला फार आवडतो. एवढा आखूड स्पंद मोजणार कसा? इतकं वेगवान इलेक्ट्रॉनिक यंत्र नव्हतंच. मग जिऑर्डमेन आणि मंडळींनी युक्ती काढली: स्पंद स्वतःवरच उलटा पाठवायचा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे विशिष्ट रंगद्रव जास्त चमकतो, त्या चमकत्या ठिपक्याची लांबी फोटोत मोजायची. ठिपके दिसले, जयघोष झाला. मग काही जणांनी शंका काढली, की नुसता गोंगाट, म्हणजे समेवर न आलेला प्रकाश, स्वतःला भेटला तरी ठिपका दिसणारच! फरक फक्त चमकेच्या प्रमाणात पडतो: खरा स्पंद असेल तर पार्श्वभूमीच्या तिप्पट, गोंगाट असेल तर दीडपट. जुने फोटो पुन्हा तपासले गेले आणि पिकोसेकंदाचे कित्येक दावे जरा ओशाळले. प्रयोगशाळेत चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला या गोष्टीत आपल्या कितीतरी 'अचूक' नोंदवह्या दिसतात.

आता अपस्करणाकडे. त्याचा धाक किती, हे एका हिशोबानं समजेल. १०० फेमटोसेकंदांचा स्पंद एक सेंटिमीटर क्वार्ट्झच्या काचेतून पाठवला, तर बाहेर तो जवळपास १०० फेमटोसेकंदांचाच निघतो. फरक अर्ध्या टक्क्याचा. पण १० फेमटोसेकंदांचा स्पंद त्याच काचेतून पाठवा, बाहेर तोही १०० फेमटोसेकंदांचा होऊन येतो! दहापट ताणला जातो. स्पंद जितका आखूड, तितके त्यात रंग जास्त, तितकी काच त्याला जास्त फाकवते. पंढरीच्या दिंडीत सगळे एका चालीचे असले तर दिंडी आखूड राहते. पोरं, म्हातारी, लंगडणारे सगळे एकत्र निघाले की दुपारपर्यंत कोसभर लांब होते. शिवाय लेसरात स्पंद एकदाच काचेतून जात नाही. तो आरशांमध्ये सेकंदाला कोट्यवधी फेऱ्या मारतो आणि दर फेरीत काच भेटते. पिकोसेकंदाच्या काळात हा रोग होताच, पण नाडी एवढी मंद होती की तो जाणवत नव्हता. आणखी सूक्ष्म अडचण अशी, की तांबड्याची फेरी लवकर संपते आणि निळ्याची उशिरा, त्यामुळे वारंवारितांमधलं अंतर सारखं राहत नाही. टाळकऱ्यांची समच चुकते.

उपाय आला रडारवाल्यांकडून. दुसऱ्या महायुद्धानंतर रडारमध्ये 'चर्प' नावाची युक्ती रूढ झाली होती. चर्प म्हणजे पाखराची चिवचिव, सूर खालून वर चढत जातो तशी. लांबलचक चिवचिव हवेत सोडायची आणि परत आल्यावर पुढच्या सुराला उशीर करून मागच्याला गाठू द्यायचं. पसरलेला संदेश पुन्हा एका टोकाशी गोळा होतो. क्लाउडर आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा मोठा लेख १९६० चा. प्रकाशाचा पसरलेला स्पंदही चिवचिवच असतो: तांबडं पुढे, निळं मागे. मग निळ्याला जवळची वाट आणि तांबड्याला लांबची वाट दिली तर? १९६८-६९ मध्ये एडमंड ट्रीसी यानं दोन समांतर ग्रेटिंग वापरून नेमकं हेच केलं. ग्रेटिंग तांबड्याला जास्त वळवतं, त्याची वाट लांबते, मागून येणारा निळा त्याला गाठतो. काच पसरवते, ग्रेटिंगची जोडी गोळा करते. पण ग्रेटिंग प्रकाश खाते. लेसरच्या बाहेर एकदा वापरायला ठीक. आत, दर फेरीला एवढी गळती परवडत नाही.

१९८१ मध्ये बेल लॅब्जच्या फोर्क, ग्रीन आणि शँक यांनी रंगद्रवाच्या लेसरात दोन स्पंद उलटसुलट दिशांनी फिरवले आणि एका पातळ द्रवधारेत त्यांची गाठ पाडली. १०० फेमटोसेकंदांची भिंत पडली. हा फोर्क तोच, १९६४ च्या तिघांतला. आता मात्र काच, द्रव, आरशांवरचे थर असं प्रत्येकाचं अपस्करण टोचू लागलं. आरसे बदलून पाहायचे, कोणता लाभतो ते बघायचं, असा प्रकार चालू झाला. १९८३ मध्ये पूर्व जर्मनीतल्या येनाच्या डिटेल यानं फॉन्टेन आणि डील्स यांच्याबरोबर एक उलटंच प्रकरण छापलं: त्यांनी लेसरच्या आत एक लोलक ठेवला, काच थोडी थोडी जास्त आत सरकवली, आणि स्पंद लांबण्याऐवजी आखूड झाला! ६० फेमटोसेकंदांच्या खाली आला. म्हणजे त्या लेसरातली चिवचिव आधीच उलट दिशेची होती आणि काचेनं ती सरळ केली. ज्याला सगळे शत्रू समजत होते तो मापात घेतला तर औषध ठरत होता. फक्त मापाचा चमचा हवा होता.

तो चमचा आला १९८४ मध्ये. फोर्क, अर्जेंटिनाहून आलेला ऑस्कर मार्टिनेझ आणि गॉर्डन. त्यांनी ग्रेटिंगच्या जागी लोलक घेतले. पहिला लोलक रंग फाकवतो. हातभर अंतरावरचा, उलटा ठेवलेला दुसरा त्यांना पुन्हा समांतर करतो. तांबडा दुसऱ्या लोलकाच्या जाड भागातून जातो, निळा टोकाजवळच्या पातळ भागातून. तांबड्याची वाट जड होते आणि निळा त्याला गाठतो. पुढे आणखी दोन लोलक रंगांना पुन्हा एका रेषेत आणतात. किरण ब्रूस्टरच्या कोनात पडतो म्हणून परावर्तनानं जवळपास काहीच वाया जात नाही. आणि हातात एक स्क्रू: लोलक किरणात आत सरकवला की काच वाढते, बाहेर ओढला की कमी होते. शून्याच्या अलीकडून पलीकडे, हवं तिथे थांबा. न्यूटनच्या काळापासून पांढरा प्रकाश फोडून दाखवणाऱ्या त्याच त्रिकोणी काचेनं वेळ सांधून दिली. वर्षभरात व्हाल्डमॅनिस, फोर्क आणि गॉर्डन यांनी लेसरातूनच २७ फेमटोसेकंदांचा स्पंद काढला. आणि १९८७ मध्ये फोर्क, ब्राझीलचा ब्रितो क्रूझ, बेकर आणि शँक यांनी लेसरबाहेर ग्रेटिंग आणि लोलक दोन्ही एकत्र लावले. दोघांच्या उरलेल्या बारीक चुका एकमेकींच्या उलट चिन्हाच्या असतात, त्या परस्परांत फिटल्या. स्पंद ६ फेमटोसेकंदांचा. प्रकाशाची अवघी तीन आंदोलनं. पुढे बरीच वर्षं तो विक्रम टिकला.

मी त्या पावसाळ्यात फळ्यावर एकच लोलक काढत होतो.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुष्कळ लेखांत ती अर्धवट येते. अपस्करण शून्य केलं की काम झालं, असं नाही. तीव्र प्रकाश काचेतून जाताना काचेचा अपवर्तनांकच किंचित वाढवतो. त्यामुळे स्पंदाचा पुढचा भाग तांबडा होतो, मागचा निळा. आता माध्यमात निळा वेगवान असेल, तर मागचा निळा पुढे सरकतो, पुढचा तांबडा रेंगाळतो आणि स्पंद आपोआप बांधलेला राहतो. हा सॉलिटॉन. हासेगावा आणि टॅपर्ट यांनी १९७३ मध्ये तो तंतूसाठी कागदावर मांडला, मोलेनॉवर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रकाशीय तंतूत पाहिला. म्हणून उत्तम लेसर थोडं ऋण अपस्करण मुद्दाम ठेवून चालवतात. नेमकं किती, हा हाताचा गुण.

१९९१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात स्पेन्स, कीन आणि सिबेट यांना टायटॅनियम घातलेल्या नीलमण्याच्या लेसरात ६० फेमटोसेकंदांचे स्पंद मिळाले. समेवर आणणारी वेगळी वस्तू आत नव्हतीच. स्फटिक स्वतःच तीव्र प्रकाशाला भिंगासारखा एकवटत होता. काही जण त्याला जादूच म्हणू लागले, कारण आरशाच्या चौकटीला टिचकी मारली की लेसर स्पंद देऊ लागे. लोलक मात्र तिथेही होतेच, जड काचेचे. पुढे दोन वर्षांत अमेरिकेतल्या मर्नेन-कॅप्टेन गटानं लोलकांसाठी साधी क्वार्ट्झची काच घेतली, स्फटिक अगदी पातळ केला आणि ११ फेमटोसेकंद गाठले. जड काच रंग जास्त फाकवते, म्हणून पूर्वी ती चांगली वाटे. पण तिच्या बारीक चुकाही मोठ्या. आमच्या प्रयोगशाळेत फ्लिंटचा लोलक मागताना 'वर्णपट रुंद दिसतो' हे एकच कारण असायचं.

मग १९९४ मध्ये बुडापेस्टचे सिपॉच आणि फेरेन्ट्स, व्हिएन्नाचे श्पीलमन आणि क्राउस यांनी लोलकांनाच रजा दिली. त्यांनी असे आरसे केले, की त्यांवरचे पातळ थर वरून खाली हळूहळू जाड होत जातात. निळा वरच्याच थरांवरून परततो, तांबडा खोलवर जाऊन येतो. आमच्याकडच्या बारवेसारखं. कुणी वरच्या पायरीवर घागर भरून परततो, कुणाला तळाशी उतरावं लागतं. परत यायला कुणाला किती वेळ लागेल हे पायऱ्या बांधतानाच ठरलेलं. या चौघांतल्या फेरेन्क क्राउस यांना पुढे, २०२३ मध्ये, आणखी हजारपट लहान काळाच्या कामासाठी नोबेल विभागून मिळालं. २०१८ चं नोबेल डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांना विभागून मिळालं, तेही अपस्करणाच्याच एका उलट्या वापरासाठी: १९८५ मध्ये त्यांनी स्पंद आधी मुद्दाम लांबवला, मग वाढवला, मग ग्रेटिंगनं आवळला. असं केलं नाही तर एवढ्या ताकदीचा स्पंद वाढवणारी काच स्वतःच फुटते.

आपल्याकडे काय चाललं होतं? तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात १९६४ सालीच गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला होता, म्हणजे सुरुवात उशिराची नव्हती. इंदूरला प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ मध्ये झाली, लोलकांच्या त्या लेखाच्याच वर्षी. त्याचे पहिले संचालक दिलीप भवाळकर. साउदॅम्प्टनला लेसरवर संशोधन करून ते भारतात परतले होते. आज राजा रामण्णांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या केंद्रात आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नीलमण्याचे महाशक्तिशाली लेसर आहेत. कुलाब्याला जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेत तीसएक फेमटोसेकंदांचे स्पंद घनपदार्थावर आदळवून प्रचंड चुंबकीय क्षेत्रं तयार केली गेली. २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार त्या कामाला मिळाला. या सगळ्या यंत्रांत तांबड्या-निळ्याचा हिशोब रोज सकाळी नव्यानं जुळवावा लागतो.

आणि मराठवाड्यात? औरंगाबादजवळ वाळूजला काचेचे तंतू ओढले जातात, केसाएवढे. १३१० नॅनोमीटरच्या आसपास या साध्या काचतंतूचं अपस्करण जवळपास शून्य होतं. त्याच्या पलीकडे, १५५० नॅनोमीटरवर, ते उलट चिन्हाचं असतं: एक नॅनोमीटर फरकाचे दोन रंग एक किलोमीटर तंतूतून निघाले, तर बाहेर पडताना त्यांच्यात सुमारे १७ पिकोसेकंदांचं अंतर असतं, आणि पुढे निळ्या बाजूचा असतो. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे बदलतं. 'लाल आधी' हे काचेच्या दृश्य प्रकाशातल्या वागण्याचं उत्तर आहे, निसर्गनियम नव्हे. तंतूच्या लेसरात सॉलिटॉन सहज होतो तो याच कारणानं, लोलकाशिवाय. नांदेडला शेजारून औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांची वेधशाळा होणार आहे. तिथला लेसर अखंड, एकाच रंगाचा. तिथे या भांडणाला जागाच नाही, हे मी आमच्याकडच्या उत्साही वक्त्यांना दोनदा सांगितलं आहे.

अपस्करण वेळेत दिसतं, हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं ते मात्र लेसरमुळे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूरला आम्ही अंगणात उभे होतो आणि काय झालंय हे उजाडेपर्यंत कळलं नाही. सकाळी विद्यार्थ्यांना घेऊन औशाच्या पुढे गेलो. जे पाहिलं त्याबद्दल या अंकात लिहिणार नाही. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतर काही वर्षांनी, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठात एका भूभौतिकीच्या व्याख्यानाला गेलो असता वक्त्यांनी एक दूरच्या केंद्रावरचा आलेख दाखवला. किल्लारीला धक्का काही सेकंदांचा होता. हजारो किलोमीटरवर पृष्ठलाटा मिनिटामिनिटांच्या लांब माळेसारख्या पोचल्या होत्या, आणि त्यात आधी लांब, संथ लाटा, मागून आखूड, घाईच्या. लांब लाटा खोलवरचा खडक चाचपतात, तिथे वेग जास्त, म्हणून त्या पुढे, असं त्यांनी सांगितलं. मी वहीत लिहिलं: 'लांब तरंगलांबी आधी.' आणि पेन थांबलं. तांबडा आधी.

तो मुलगा किल्लारीच्या बाजूचा होता, एवढंच मला आठवत होतं. गावाचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. भूकंपानंतरच्या त्या महिन्यात नावांच्या याद्या लागत तेव्हा त्याची आठवणही झाली नव्हती. आता झाली, तर आडनाव आठवेना. महाविद्यालयात जुनी हजेरीपत्रकं शोधली. त्या वर्षाचं एक सापडलं, दुसरं वाळवीनं खाल्लं होतं. सापडलेल्यात औसा तालुक्यातले अकरा जण होते. त्यांतल्या सात जणांशी बोललो. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक मुंबईला. वर्गात असा प्रश्न विचारल्याचं कुणालाच आठवत नाही. चौघांचा पत्ता लागला नाही.

यंदा उन्हाळ्यात मी महाविद्यालयाच्या भांडारातून तो जुना लोलक मागवून घेतला. खोक्यावर अजून माझ्याच अक्षरात 'क्राउन' लिहिलेलं आहे. एका कडेला टवका उडाला आहे. पट्टी लावली, त्याच्या मध्यातून किरण साधारण दोन सेंटिमीटर काच ओलांडतो. क्राउन काचेची कोष्टकं घेतली, ६५६ नॅनोमीटरचा तांबडा आणि ४३६ नॅनोमीटरचा जांभळा धरला, मायकेलसन-रॅली पद्धतीनं घोळक्याचे वेग काढले. तेवढ्या काचेतून तांबडा जवळपास अडीच पिकोसेकंद आधी बाहेर पडतो. तेवढ्यात तो हवेत पाऊण मिलिमीटर पुढे गेलेला असतो. पट्टीवर हे अंतर दिसतं. डोळ्यांची साय गेल्यापासून मला तर स्पष्ट दिसतं.

हिशोबाचा कागद लोलकाच्या खोक्यातच ठेवून दिला आहे.